इंजेक्टरपुढची ज्वाला आणि तांब्याची भिंत : सांगलीतील एका ज्वलन-सिम्युलेशनचा प्रकरण अभ्यास

सांगली जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी रॉकेट इंजिनाच्या इंजेक्टरमधील (इंधन आणि ऑक्सिजन ज्वलनकक्षात सोडणाऱ्या भागातील) ज्वलनाचे संगणकीय सिम्युलेशन हा विषय प्रकल्पासाठी घेतला, तेव्हा त्यांच्या विभागात अशा कामाची परंपरा नव्हती. या भागात सीएफडी, म्हणजे प्रवाहांचे संगणकीय गणित, शिकलेला मुलगा बहुधा पंपाकडे वळतो किंवा बॉयलरकडे. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासूनचा, त्यामुळे पंपाच्या इंपेलरमधील प्रवाह इथे परिचयाचा आहे. साखर कारखाने जागोजागी असल्याने बगॅसवर चालणाऱ्या बॉयलरच्या भट्टीचे विश्लेषण करून घेणारी गिऱ्हाइकेही मिळतात. कुपवाड औद्योगिक वसाहतीत अशीच कामे करणाऱ्या एका छोट्या कार्यालयाने आपला संगणक विद्यार्थ्यांना रात्रीच्या वेळी वापरू दिला आणि त्या कार्यालयाचा सल्लागार म्हणून प्रस्तुत लेखक या कामाशी जोडला गेला. कक्षातील दाब प्रयोगाशी फार लवकर जुळला आणि त्या जुळण्याला जवळजवळ काहीच अर्थ नव्हता, हे या प्रकरणाचे सार आहे. तो अर्थ का नव्हता, याचा शोध हेच पुढे प्रकल्पाचे मुख्य काम झाले.

विद्यार्थ्यांची पहिली इच्छा इस्रोच्या सीई-२० या क्रायोजेनिक इंजिनाचा इंजेक्टर घेण्याची होती. ती दोन कारणांनी सोडावी लागली. एक तर पडताळणीला लागणारे चाचण्यांचे तपशीलवार आकडे त्यांच्या हाती येण्यासारखे नव्हते, आणि ज्या गणिताला ताडून पाहायला प्रयोगच नाही, ते गणित कितीही देखणे असले तरी रंगीत चित्रापलीकडे जात नाही. दुसरे कारण भौतिकीचे. सीई-२० मध्ये ऑक्सिजन आणि हायड्रोजन सुमारे ६० बार दाबाखाली जळतात, तर ऑक्सिजनचा क्रांतिक दाब ५०.४ बार आणि क्रांतिक तापमान १५४.६ केल्विन आहे; या मर्यादेपलीकडे द्रव आणि वायू असा भेद उरत नाही. म्हणजे कक्षात शिरणारा थंड, दाट ऑक्सिजन आधीच क्रांतिक दाबाच्या वर असतो. तापताना तो नेहमीच्या अर्थाने उकळत नाही, पृष्ठताण उरत नसल्याने त्याचे थेंब होत नाहीत, आणि प्रवाहाच्या कडेचे धागे सुटत सुटत तो भोवतालच्या वायूत विरून जातो. तेथे आदर्श वायूचा नियम टिकत नाही. पेंग आणि रॉबिन्सन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या समीकरणासारखे वास्तव वायूचे समीकरण घ्यावे लागते, आणि एका अरुंद तापमानपट्ट्यात विशिष्ट उष्णता एकदम उसळी घेत असल्याने गणित पावलोपावली अडखळते. पहिल्याच प्रकल्पात हे ओझे घेऊ नये, असे सर्वांचे मत पडले.

म्हणून म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील एक सुपरिचित प्रयोग निवडला. त्यात ऑक्सिजन आणि मिथेन दोन्ही वायुरूपातच आत येतात, त्यामुळे थेंब आणि क्रांतिक बिंदू हे दोन्ही प्रश्न बाजूला राहतात. ज्वलनकक्ष आतून १२ मिमी बाय १२ मिमी चौकोनी आणि २९० मिमी लांब आहे. त्याच्या तोंडाशी मधोमध एकच समाक्ष इंजेक्टर आहे : आतल्या ४ मिमी व्यासाच्या नळीतून ऑक्सिजन आणि तिच्याभोवतीच्या, ५ आणि ६ मिमी व्यासांमधील कंकणाकृती फटीतून मिथेन. म्हणजे नळीच्या टोकाची जाडी अर्धा मिमी. कक्षातील दाब २० बार. ऑक्सिजन सेकंदाला सुमारे ४५ ग्रॅम आणि मिथेन सुमारे १७ ग्रॅम. पूर्ण ज्वलनासाठी ऑक्सिजनचे मिथेनशी वजनी प्रमाण ४ लागते, येथे ते २.६५ च्या आसपास आहे, म्हणजे मिश्रणात इंधन जास्त आहे. कक्षाच्या भिंती तांब्याच्या असून त्यांत पाणी खेळवलेले नाही. काही सेकंदांच्या चाचणीत तांबे स्वतःच उष्णता शोषून घेते. आतल्या पृष्ठभागापासून मिलिमीटरभर आत बसवलेली थर्मोकपल तापमान नोंदवतात, आणि त्यावरून उलटे गणित करून भिंतीत कोठे किती उष्णता शिरली हे काढले जाते. मिथेन घेण्यामागे कालानुरूपताही होतीच. चीनचे झुचे-२ हे रॉकेट जुलै २०२३ मध्ये कक्षेत पोहोचले, तेव्हा मिथेनवर चालणाऱ्या रॉकेटने कक्षा गाठण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि भारताच्या नव्या पिढीच्या प्रक्षेपकासाठीही मिथेनचीच इंजिने योजलेली आहेत.

संगणक सुरू करण्यापूर्वी कागदावर थोडे गणित करावे, असा आग्रह आम्ही धरला, आणि प्रकल्पातील पुढचे बरेचसे शहाणपण त्या एका पानावरून आले. २० बार दाबाला आणि खोलीच्या तापमानाहून किंचित थंड अवस्थेत ऑक्सिजनची घनता घनमीटरला २८ किलोच्या जवळपास येते. नळीच्या क्षेत्रफळाने भागल्यास त्याचा वेग सेकंदाला सुमारे १३० मीटर. मिथेनचा वेग तसाच काढला, तर तो सुमारे १३८ मीटर. दोन्ही वायू जवळजवळ एकाच वेगाने बाहेर पडतात, आणि ही गोष्ट वाटते तितकी निरुपद्रवी नाही. समाक्ष इंजेक्टरमध्ये मिश्रण घडवून आणते ती शेजारच्या प्रवाहांमधील वेगाची तफावत. ती येथे जवळजवळ नाहीच, त्यामुळे मिश्रणाची सुरुवात नळीच्या त्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या मागे उठणाऱ्या भोवऱ्यांवर अवलंबून राहते, ज्वाला लांबत जाते, आणि मिश्रणाचे जे मॉडेल घ्यावे त्याप्रमाणे उत्तर हलते. जळालेला वायू कक्षात राहतो तो जेमतेम एक मिलिसेकंद. सर्व भोवरे प्रत्यक्ष मोजायचे म्हटले, तर ऑक्सिजनच्या प्रवाहाची रेनॉल्ड्झ संख्या (प्रवाह किती खळबळता आहे याचे माप) ७ लाखांच्या घरात असल्याने सर्वांत लहान भोवरा मायक्रॉनच्याही आतला निघतो. एका मायक्रॉनची पेशी, म्हणजे गणितासाठी पाडलेला जागेचा तुकडा, धरली तरी या बोटभर जाड कक्षासाठी सुमारे ४२ लाख कोटी पेशींची जाळी लागेल. कुपवाडच्या संगणकाला ते शक्य नाही, आणि कोणत्याही महासंगणकालाही नाही. म्हणून काळाची सरासरी घेणारी, भोवऱ्यांना मॉडेलमध्ये गुंडाळणारी पद्धत वापरणे भाग होते.

पहिले गणित ओपनफोम या मुक्त प्रणालीत, सवयीच्या वाटेने झाले. चौकोनी कक्षाऐवजी तेवढ्याच क्षेत्रफळाचा गोल कक्ष धरला आणि त्याची पाच अंशांची एक फाक घेतली. प्रवाहातील भोवऱ्यांसाठी प्रमाण के-एप्सिलॉन हे सरासरीचे मॉडेल घेतले. मिथेन आणि ऑक्सिजनची एका पायरीची अभिक्रिया पहिल्याच रात्री बाद झाली, कारण तिने तापमान ५००० केल्विनच्या पलीकडे नेले. हवेत जळणाऱ्या मिथेनसाठी ती कशीबशी चालते, परंतु शुद्ध ऑक्सिजनमध्ये पाण्याचे आणि कार्बन डायऑक्साइडचे रेणू त्या तापमानाला फुटतात आणि त्या फुटण्यात बरीच उष्णता खर्च होते, हे तिला ठाऊकच नसते. मग जीआरआय-मेक ३.० ही ५३ रसायने आणि ३२५ अभिक्रियांची यंत्रणा घेऊन, कँटेरा या प्रणालीने ज्वालेच्या पातळ थरांचे तक्ते आधीच तयार करून ठेवले, म्हणजे फ्लेमलेट पद्धत वापरली. तापमान ३००० केल्विनच्या वर पण सुसह्य मर्यादेत आले, आणि कक्षाचा दाब २० बारच्या अगदी जवळ आला. नोझलचा गळा, म्हणजे वायू बाहेर पडण्याची सर्वांत अरुंद जागा, १२ मिमी बाय ४.८ मिमी, गणितात धरलेला होता. तेव्हा बाहेरच्या सीमेवर २० बार स्वतःच लिहून ठेवायचे आणि मग दाब जुळला म्हणून सांगायचे, हा विद्यार्थ्यांच्या अहवालांतून वारंवार भेटणारा प्रकार येथे नव्हता. जुळणी प्रामाणिक होती, आणि म्हणूनच ती जास्त फसवी ठरली.

कार्यालयात बॉयलरच्या कामासाठी येणारे एक गृहस्थ आहेत. साखर कारखान्याच्या बॉयलर विभागातून ते निवृत्त झाले आणि सगळे त्यांना आबा म्हणतात. पडद्यावरची ज्वाला त्यांनी बराच वेळ न्याहाळली. "आबा, दाब बरोबर वीस बार येतोय," असे एकाने सांगितल्यावर ते म्हणाले, "ड्रमचा दाब मीटर दाखवतोच की. नळी कुठं फुटणार ते सांग." बॉयलरमध्ये ड्रमवरचा, म्हणजे वाफ साठणाऱ्या टाकीवरचा, दाब दिवसभर स्थिर राहतो आणि तरीही ज्वाला जेथे भिंतीला चाटते तेथेच नळी जाते, त्यांच्या प्रश्नामागे हा अनुभव होता, आणि रॉकेटच्या कक्षाला तो तंतोतंत लागू पडत होता.

दाब का जुळतो, हे त्या कागदी गणितानेच दाखवता येते. कक्षाचा दाब तीन गोष्टींवर ठरतो : दर सेकंदाला आत येणारे वस्तुमान, नोझलच्या गळ्याचे क्षेत्रफळ, आणि गळ्यापर्यंत पोहोचलेल्या वायूत किती ऊर्जा आहे. पहिल्या दोन आपणच देतो. दाब आणि गळ्याचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराला वस्तुमानाच्या ओघाने भागले, की सेकंदाला सुमारे १८५० मीटर हा वैशिष्ट्यपूर्ण वेग (ज्वलन किती पूर्ण झाले याचे माप) मिळतो, आणि नासाच्या सीईए या रासायनिक समतोलाच्या प्रोग्रामचे उत्तरही त्याच आसपास येते. म्हणजे मिथेन कक्षात कोठेही जळो, पहिल्या ५० मिलिमीटरात जळो की शेवटच्या, गळ्याआधी तो जळून संपला की दाब तोच. भिंतीत शिरणाऱ्या उष्णतेचा परिणामही दाबावर नगण्य असतो. भिंतीवरचा सरासरी उष्णताप्रवाह चौरस मीटरला ३ मेगावॉट धरला, तर साऱ्या भिंती मिळून सुमारे ४२ किलोवॉट घेतात. ज्वलनातून सुटणारी उष्णता ५५० किलोवॉटच्या घरातली आहे. भिंतीच्या गणितात २० टक्के चूक झाली, तरी एकूण ऊर्जेत फरक दीड टक्क्याचा, आणि दाब ऊर्जेच्या वर्गमूळाप्रमाणे बदलत असल्याने दाबात फरक जेमतेम पाऊण टक्क्याचा. त्या २० टक्क्यांत खऱ्या इंजिनाची भिंत वितळू शकते, आणि दाबमापकाला त्याची खबरही लागत नाही.

दाबातूनच काही शिकायचे असेल तर एका आकड्याऐवजी लांबीभर बदलणारी रेषा पाहावी लागते. वायू जसजसा जळतो तसतसा फुगतो आणि वेग घेतो, आणि वेग घेण्यासाठी त्याला दाब खर्च करावा लागतो. या कक्षात तो उतार सुमारे पाऊण बारचा असला पाहिजे, असे संवेगाच्या हिशेबातून निघते. उतार कोठे आहे त्यावरून ज्वलन कोठे चालले आहे हे कळते. म्युनिकच्या प्रयोगात दाबमापकही भिंतीवर ओळीने बसवलेले असल्याने ही रेषा आणि उष्णतेची रेषा अशा दोन्ही ताडून पाहता आल्या, आणि दोघींची साक्ष एकच होती. मोजलेला उष्णताप्रवाह कक्षाच्या बऱ्याचशा लांबीपर्यंत सावकाश चढत जातो. आमच्या गणितात तो इंजेक्टरजवळच झपाट्याने चढून पुढे सपाट झाला होता. ज्वाला प्रत्यक्षापेक्षा आखूड होती.

कारणे तीन निघाली, आणि ती एकमेकांत गुंतलेली होती. त्यांतले सर्वांत सरळ कारण आकाराचे. १२ मिमीच्या चौकोनाएवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा व्यास १३.५ मिमी येतो आणि परीघ ४२.५ मिमी, तर चौकोनाचा परीघ ४८ मिमी. म्हणजे उष्णता घेणारी भिंतच ११ टक्क्यांहून अधिक कमी झाली. शिवाय चौकोनात अक्षापासून भिंतीचा मध्य ६ मिमीवर आणि कोपरा साडेआठ मिमीवर असतो. कोपऱ्यांत तुलनेने थंड वायू साचतो, तो गोल कक्षात सापडणारच नाही. यावर उपाय म्हणजे सममिती वापरून चौकोनाचा एक अष्टमांश त्रिमितीत घेणे. तो घेतला, गणिताचा वेळ वाढला, पण हरकत नव्हती.

दुसरे कारण मिश्रणाचे. गोल झोताचा पसारा प्रमाण के-एप्सिलॉन मॉडेल वास्तवापेक्षा जास्त दाखवते, हा त्याचा जुना, सर्वज्ञात दोष आहे, आणि आखूड ज्वालेचा बराच भाग तेथून आलेला होता. त्याऐवजी के-ओमेगा एसएसटी मॉडेल घेतल्यावर भिंतीलगतचा प्रवाहही अधिक विश्वासार्ह झाला, मात्र त्यासाठी पहिली पेशी मायक्रॉनभर किंवा त्याहूनही पातळ ठेवावी लागली, कारण तांब्याशेजारचा वायू थंड, म्हणून दाट असतो आणि तेथील थर फार पातळ असतो. परंतु खरा मोह याच टप्प्यावर समोर आला. संक्षुब्ध, म्हणजे भोवऱ्यांनी भरलेल्या, प्रवाहात संवेग किती पसरतो आणि रसायने किती पसरतात यांचे गुणोत्तर, म्हणजे संक्षुब्ध श्मिट संख्या, हे मॉडेलमध्ये एका आकड्याने द्यावे लागते. त्यांच्या हाती असलेल्या आवृत्तीत ते मुळात १ गृहीत धरलेले होते. विद्यार्थ्यांनी ते बदलता येईल अशी सोय करून घेतली, आणि आकडा कमीजास्त करता करता उष्णतेची रेषा प्रयोगाच्या बिंदूंवरून जाऊ लागली. प्रकल्प तेथेच संपवावा, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. साहित्यात ०.६ पासून ०.९ पर्यंतच्या किमती सर्रास वापरल्या जातात, त्यामुळे त्यांना कोणी हटकलेही नसते. प्रस्तुत लेखकाचे मत याविरुद्ध होते आणि आजही आहे. भिंतीजवळच्या रसायनशास्त्राचा प्रश्न तेव्हा सुटायचा होता. त्याची चूक श्मिट संख्येच्या चुकीने भरून काढली, तर रेषा या एका दाबाला आणि या एका प्रमाणाला जुळेल, पण दाब बदलताच दोन्ही चुका वेगवेगळ्या दिशांनी वाढतील. शेवटी ०.७ ही किंमत आधीच लिहून ठेवली आणि प्रयोगाची रेषा पाहून ती बदलायची नाही, असे ठरले.

तिसरे कारण सर्वांत रोचक, आणि बॉयलरच्या सवयीतून आलेल्या माणसाला सर्वांत अनोळखी. फ्लेमलेटचे पहिले तक्ते उष्णता न गमावणाऱ्या ज्वालेचे होते. त्यामुळे भिंतीलगत पाचसहाशे केल्विनपर्यंत थंड झालेल्या वायूलाही गणित तीन हजार केल्विनच्या ज्वालेचीच रासायनिक घडण देत होते : त्यात मोकळे हायड्रोजन अणू, हायड्रॉक्सिल आणि पुष्कळ कार्बन मोनॉक्साइड तसेच राहिलेले. प्रत्यक्षात वायू थंड होताना हे तुकडे पुन्हा जुळतात आणि फुटताना घेतलेली उष्णता परत देतात. दोन हायड्रोजन अणू जुळले, की मोलमागे ४३६ किलोज्यूल सुटतात, आणि कार्बन मोनॉक्साइड व वाफ यांच्यापासून कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन बनताना सुमारे ४१. पहिल्या प्रकारचे कण थोडे पण त्यांची देणगी मोठी. दुसऱ्याची देणगी लहान पण इंधनाधिक मिश्रणात कार्बन मोनॉक्साइड मुबलक. ही उष्णता सुटते ती नेमकी तांब्याच्या कडेला, आणि ती न मोजल्यास भिंतीवरचा उष्णताप्रवाह कमी दिसतो. म्हणजे आखूड ज्वाला आणि गोठलेले रसायन या दोन चुका एकमेकींना अंशतः झाकत होत्या. पहिल्या गणिताची चूक फार मोठी वाटली नव्हती, ती यामुळेच.

येथे अभिक्रियांना वेळ मिळतो का, हा प्रश्न उरतो. तापमान उतरते तशी कार्बन मोनॉक्साइडची अभिक्रिया मंदावते आणि अखेर गोठते. कक्षातला सारा मुक्काम एका मिलिसेकंदाचा. म्हणून विद्यार्थ्यांनी दोन टोके स्वतंत्रपणे काढली : एकात भिंतीजवळचे रसायन पूर्ण गोठलेले, दुसऱ्यात ते प्रत्येक तापमानाला समतोलात पोहोचलेले. पहिले उत्तर खालची मर्यादा, दुसरे वरची. नंतर एन्थाल्पी (वायूतील एकूण उष्णता-ऊर्जा) हा आणखी एक अक्ष घालून, उष्णता गमावणाऱ्या ज्वालांचे तक्ते तयार केले. त्यांची रेषा या दोन टोकांच्या मध्ये, कक्षाच्या उत्तरार्धात मोजलेल्या बिंदूंच्या जवळून गेली. यात एक शंका नोंदवून ठेवली आहे : जीआरआय-मेक ३.० ही यंत्रणा नैसर्गिक वायूच्या हवेतील ज्वलनासाठी, १००० ते २५०० केल्विन आणि सुमारे १० वातावरणांपर्यंतच्या दाबासाठी जुळवलेली आहे. २० बार आणि शुद्ध ऑक्सिजन या तिच्या कक्षेबाहेरच्या गोष्टी आहेत, आणि तिने चांगले उत्तर दिले म्हणून ती येथे योग्य ठरत नाही.

इंजेक्टरजवळच्या पट्ट्यात मात्र गणित आणि प्रयोग शेवटपर्यंत जुळले नाहीत. तेथे मिथेनच्या फटीच्या बाहेरील कडेपासून भिंतीपर्यंत ३ मिमीची पायरी आहे आणि तिच्या मागे वायू उलटा फिरत राहतो. नळीच्या टोकामागचे भोवरे, त्यांचे थरथरणे, या उलट्या फिरणाऱ्या वायूत अधूनमधून ओढला जाणारा ऑक्सिजन, हे सर्व सरासरीत पुसले जाते. मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवणारी पद्धत येथे हवी, आणि तिच्यासाठी पुण्याच्या आयसर संस्थेतील परम ब्रह्मसारख्या महासंगणकाचा वेळ लागेल.

ज्वलनाच्या अस्थिरतेबद्दल हे प्रतिरूप काहीच सांगू शकत नाही, हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिण्याचा आग्रह लेखकाने धरला. स्थिर अवस्थेचे गणित थरथरणाऱ्या दाबाविषयी मुके असते, आणि इंजेक्टरचा इतिहास तर त्या थरथरीनेच भरलेला आहे. सॅटर्न-५ च्या एफ-१ इंजिनात ती काबूत आणण्यासाठी इंजेक्टरच्या पृष्ठभागावर तांब्याच्या आडभिंती बसवाव्या लागल्या, चालू इंजिनात मुद्दाम लहान स्फोट घडवून ती दबते का हे पाहावे लागले, आणि पूर्ण आकाराच्या चाचण्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. युरोपच्या एरियन रॉकेटचे दुसरे उड्डाण २३ मे १९८० रोजी पहिल्या टप्प्यातील एका व्हायकिंग इंजिनात अशीच अस्थिरता उद्भवल्याने फसले. आपले विकास इंजिन त्याच व्हायकिंगच्या तंत्रज्ञानावर, १९७४ च्या करारानंतर उभे राहिले. तेव्हा ही कथा आपल्याला परकी नाही.

अहवालात अखेर एका रेषेऐवजी पट्टा छापला आहे : खाली गोठलेल्या रसायनाची मर्यादा, वर समतोलाची, मध्ये अंतिम गणित आणि त्यावर प्रयोगाचे बिंदू, इंजेक्टरजवळचा न जुळलेला भाग करड्या रंगात वेगळा दाखवला आहे. पुढचे काम म्हणून त्याच विद्यापीठाचा ३० मिमी व्यासाचा, सात इंजेक्टरांचा कक्ष घेतला आहे. तेथे भिंत पाण्याने थंड होते, त्यामुळे प्रत्येक भागाने किती उष्णता घेतली हे पाण्याच्या तापमानवाढीवरून थेट मिळते, आणि शेजारशेजारच्या ज्वाला एकमेकींना कशा ढकलतात हा नवा प्रश्न उभा राहतो. ते गणित सध्या कुपवाडच्या संगणकावर चालू आहे. जाळी नवी आहे, तक्ते जुनेच आहेत, आणि श्मिट संख्या ०.७ च आहे.